फिन किती वळवायची, हे हॉर्सपॉवर ठरवत नाही

किट विमान, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून स्वतः जोडायचं विमान, बांधणाऱ्या मंडळींमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: इंजिनाच्या टॉर्कमुळे नाक डावीकडे जातं, म्हणून फिनची, म्हणजे शेपटीच्या उभ्या स्थिर भागाची, पुढची कड ६ मिलिमीटर डावीकडे सरकवून बसवा. इंजिन मोठं असेल तर त्या प्रमाणात जास्त सरकवा. एकदा हे जमलं की रडरला, म्हणजे फिनमागच्या पायाने हलवायच्या भागाला, पाय लावायची गरज उरत नाही (उजवा पाय दाबला की नाक उजवीकडे जातं, डावा दाबला की डावीकडे). सल्ला सोपा आहे, म्हणून पसरतो. पण तो जसाच्या तसा पाळून कुणी फिनला भोकं पाडू नयेत, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

टॉर्कपासूनच सुरुवात करू. इंजिन प्रॉपेलर एका दिशेने फिरवतं, तेव्हा विमानाला त्याच्या लांबीच्या अक्षाभोवती उलट पीळ बसतो. म्हणजे एक पंख खाली जायला बघतो. नाक वळणं ही वेगळी गोष्ट आहे. इटलीच्या माकी सी.२०२ या लढाऊ विमानाचा डावा पंख उजव्यापेक्षा सुमारे २० सेंटिमीटर लांब ठेवला होता, तो याच पिळाला उत्तर म्हणून. टॉर्कवरचा उपाय पंखात केला होता, फिनमध्ये नाही. (धावपट्टीवर टॉर्क एका चाकावर जास्त भार टाकतो आणि थोडी ओढ लागते, हे खरं. पण ती तेवढ्यापुरतीच.)

नाक वळतं ते मुख्यतः प्रॉपेलरमागच्या हवेमुळे. ही हवा सरळ मागे जात नाही, गिरक्या घेत जाते. कॉकपिटमधून पाहताना प्रॉपेलर घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर विमानाच्या वरच्या बाजूला ही हवा डावीकडून उजवीकडे सरकते, फिनच्या डाव्या अंगावर आदळते, शेपूट उजवीकडे ढकलते आणि नाक डावीकडे जातं. फिनची पुढची कड डावीकडे घेतली की फिन या येणाऱ्या हवेच्या रेषेत येते. तिरपी फिन काम करते ती अशी. याशिवाय नाक वर करून हळू चढताना खाली येणारं पातं वर जाणाऱ्या पात्यापेक्षा जास्त ओढतं, त्याचीही भर पडते.

आता ‘नेहमी डावीकडे’ या गोष्टीकडे येऊ. यातली चूक सगळ्यात महागात पडेल. लायकमिंग, कॉन्टिनेंटल, रोटॅक्स ९१२ या इंजिनांचे प्रॉपेलर कॉकपिटमधून पाहताना घड्याळाच्या दिशेने, म्हणजे सुलटे, फिरतात. टायगर मॉथ विमानाचं जिप्सी मेजर इंजिन मात्र उलटं फिरतं. फोक्सवॅगनच्या मोटारीच्या इंजिनावरून केलेल्या विमानी इंजिनांत तर प्रॉपेलर कुठल्या टोकाला बसवलाय यावर दिशा ठरते: पुलीच्या बाजूला बसवला तर उलटी, फ्लायव्हीलच्या बाजूला बसवला तर सुलटी. मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायर लढाऊ विमानावरून ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरवर गेलेल्या वैमानिकांना उड्डाण घेताना दुसरा पाय दाबावा लागे, कारण ग्रिफन उलटं फिरायचं. उलट्या फिरणाऱ्या इंजिनामागे फिन डावीकडे वळवली, तर आधीचा दोष आणि तुमचा उपाय यांची बेरीज होते.

६ मिलिमीटर हा आकडाही निरर्थक आहे. महत्त्व कोनाला आहे. फिनची रुंदी, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या आधारापर्यंतचं अंतर, ६०० मिलिमीटर असेल तर ६ मिलिमीटर म्हणजे ०.५७ अंश. तेच अंतर ४०० असेल तर ०.८६ अंश, म्हणजे दीडपट. कुणाच्या तरी विमानावरून उचललेला मिलिमीटरचा आकडा आपल्या फिनला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालणं.

इंजिन मोठं म्हणून कोन जास्त, हे वरवर पटतं. चढताना गिरकी खरोखर वाढते. पण क्रूझमध्ये, म्हणजे उंची गाठल्यावरच्या सरळ, स्थिर उड्डाणात, वेगही वाढलेला असतो, आणि वेगवान हवेत पीळ वाढला तरी त्याचा कोन हॉर्सपॉवरच्या प्रमाणात वाढत नाही. मोठ्या इंजिनाचा खरा त्रास वेगळाच असतो. नाक लांब झालं, पुढचा भाग भरीव झाला, की विमानाची सरळ राहण्याची ओढ कमी होते. तिथे फिनचा कोन उपयोगाचा नाही, क्षेत्रफळ लागतं, आणि ते किती लागेल हे डिझाइनरनेच सांगायला हवं.

‘पाय लावायची गरज नाही’ हे तर फिन वळवून कुठल्याच विमानात साधत नाही. फिनचा कोन एकदा रिव्हेट केला की बदलत नाही. गिरकी मात्र वेग आणि पॉवर यांच्याबरोबर सतत बदलते. म्हणून कोन एकाच अवस्थेसाठी, बहुधा क्रूझसाठी, निवडावा लागतो. सुलट्या इंजिनाच्या विमानात चढताना उजवा पाय लागणारच, आणि पॉवर काढून उतरताना डावा. मेसरश्मिट बीएफ १०९ या जर्मन लढाऊ विमानाच्या फिनचा छेदच एका बाजूला फुगीर ठेवला होता, तरी उड्डाण घेताना वैमानिकाला उजवा पाय द्यावाच लागे.

इंजिनही थोडं उजवीकडे वळवा, असा पुरवणी सल्ला काहीजण देतात. आधी आपलं इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं तो सांगाडा, पाहा. पुष्कळ माउंटमध्ये तो कोन मुळातच दिलेला असतो.

मग करायचं काय? फिन ड्रॉइंगमध्ये दिली आहे तशीच बसवा. बसवताना ओळंबा सोडून ती उभी आहे ना, हे तपासा. फिनच्या टोकापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंतची अंतरं सारखी आहेत ना, ते मोजा. स्लिप इंडिकेटर, म्हणजे विमान तिरकं सरकतंय का हे बॉलने, वाकड्या नळीतल्या गोळीने, दाखवणारं उपकरण, पॅनेलमध्ये तिरका बसला नाही ना, हे विमान जमिनीवर समतल करून पाहा, कारण तिरक्या इंडिकेटरने निरोगी विमान दोषी ठरतं. चाचणी उड्डाणांत शांत हवेत, क्रूझ पॉवरवर, पंख समतल ठेवून पाय सोडा आणि बॉल कुठे जातो ते लिहून ठेवा. बॉल उजवीकडे गेला तर उजवा रडर हवा आहे, म्हणजे रडरच्या मागच्या कडेवरची छोटी पट्टी डावीकडे वाकवायची. थोडी वाकवा, पुन्हा उडा, पुन्हा पाहा.

या पट्टीला ‘जुगाड’ म्हणून नाकं मुरडतात, ते मला अजिबात पटत नाही. ती चुकली तर पुन्हा सरळ करता येते. फिन वळवायला तिच्या पुढच्या स्पारची, म्हणजे आतल्या मुख्य आधारपट्टीची, भोकं लांबवलीत तर बोल्टपासून कडेपर्यंतचं अंतर कमी होतं. ते बोल्टच्या व्यासाच्या दुपटीखाली गेलं, की तो भाग बदलण्यावाचून मार्ग राहत नाही.