‘आश्रमात जा, मूल पसंत करा, घरी आणा’ : या मेसेजला माझं उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. कोपरीच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, ऐरोलीच्या जुन्या ऑफिसमधल्या मैत्रिणीकडून आणि शेवटी भाच्याकडून. त्याने खाली लिहिलं होतं, ‘मावशी, तू हेच काम करतेस ना? मग एवढं सोपं असताना लोक करत का नाहीत?’

मेसेज थोडक्यात असा : ‘भारतात ३ कोटी अनाथ मुलं आहेत. वर्षाला दत्तक जातात फक्त ४ हजार. इकडे मुलं आईबापांसाठी रडतात, तिकडे हजारो जोडपी वाट बघतात. मध्ये आडवे येतात ते फक्त सरकारी कागद. कागद सोडा. जवळच्या आश्रमात जा, मूल पसंत करा, घरी आणा. ते जमत नसेल तर आपल्या मुलाचा वाढदिवस आश्रमात साजरा करा. लग्नातलं उरलेलं जेवण असेल तर १०९८ ला फोन करा, ते येऊन घेऊन जातात. प्रत्येकाने एवढं केलं तर एकही मूल रस्त्यावर राहणार नाही.’

पाठवणाऱ्यांच्या मनात माया आहे, हे मला दिसतं. म्हणूनच उत्तर नीट द्यावंसं वाटतं. गेली नऊ वर्षं मी ठाणे जिल्ह्यातल्या एका बालगृहात रविवारी गणित शिकवते आणि कळवा-दिघ्याच्या वस्त्यांमध्ये नवरा गेलेल्या बायकांना सरकारच्या बालसंगोपन योजनेचे अर्ज भरून देते. त्या नऊ वर्षांत जे पाहिलं त्यातलं बरंचसं या मेसेजच्या उलट आहे.

आधी ते ३ कोटी. हा आकडा कुणी मनाने रचलेला नाही. युनिसेफच्या व्याख्येप्रमाणे अठरा वर्षांखालच्या ज्या मुलाची आई किंवा वडील किंवा दोघंही गेले, ते मूल अनाथ. त्या हिशेबाने भारतात सुमारे २ कोटी ९६ लाख मुलं मोजली गेली. पण त्यातल्या बहुतेकांचा एक पालक हयात आहे. आपल्या भाषेत आपण अशा मुलाला अनाथ म्हणतच नाही, ‘बाप गेलेलं पोर’ म्हणतो. त्याला आई असते. ती सकाळी सहाला घर सोडते आणि रात्री आठला परतते. असं मूल तुम्ही कुणाकडून ‘पसंत’ करणार?

बरं, वस्तीतली मुलं सोडा, बालगृहातली तरी अनाथ असतील? कोरोना सुरू झाला तेव्हा देशभरातल्या बालगृहांमध्ये २,२७,५१८ मुलं होती. त्यातली १,४५,७८८ मुलं त्या काळात आपापल्या कुटुंबांकडे किंवा पालकांकडे परत गेली. हे आकडे डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले, आणि घरी गेलेल्या प्रत्येक मुलाच्या शिक्षणासाठी महिना २ हजार रुपये द्यावेत असा आदेश न्यायालयाने दिला. म्हणजे दहातल्या सहांहून जास्त मुलांना परत जायला कुणीतरी होतं. मग ती बालगृहात का होती? माझ्या वर्गातल्या मुलांपुरतं सांगते. कुणाचा बाप परांचीवरून पडून गेला आणि आईला भाडं परवडेना. कुणाची आई गेली, बाप रात्रपाळीचा वॉचमन, मुलीला खोलीत एकटी कशी ठेवायची. कुणाची आजी सांभाळत होती, तिचे गुडघे गेले. वस्तीत याला शब्द आहे : ‘पोरीला बोर्डिंगात टाकलं.’ हे सांगताना बाईची मान खाली असते.

कळव्याच्या अशाच एका आईबद्दल लिहिते, ओळख पटेल असं काही न सांगता. तीन घरी पोळ्या करायची. पदरात दोन मुली. धाकटीला बोर्डिंगात टाकायचं तिने ठरवलंच होतं, कपड्यांची पिशवीही भरली होती. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अशा मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात, मूल घरीच राहतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मग आम्ही कागद गोळा करायला लागलो. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, दोघींचे बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, घरासमोर मुलींबरोबर काढलेला फोटो. मृत्यूच्या दाखल्यावर नाव एक आणि आधारवर दुसरं. ते दुरुस्त करायला ती दोनदा गावी जाऊन आली, दोन्ही वेळा पोळ्यांचे पैसे बुडाले. मुलीच्या नावाने खातं उघडायला गेलो तर बँकेच्या शाखेने तीनदा परत पाठवलं, दर वेळी नवीन कारण. सातव्या महिन्यात आदेश निघाला. त्या सात महिन्यांत तिने ती पिशवी रिकामी केली नव्हती. मी दर वेळी गेले की ती पत्र्याला टेकून तशीच ठेवलेली दिसायची आणि माझ्या पोटात गोळा यायचा.

३ कोटींमधल्या बहुतेक मुलांना हे लागतं : आहे ती आई टिकायला हवी. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल घरीच वाढावं म्हणून, महिना ४ हजार रुपये आहेत, शहरात वार्षिक उत्पन्न ९६ हजारांच्या आत असलेल्या कुटुंबांसाठी. दोन्ही योजना कागदावर चांगल्या आहेत. पण पैसे कधीकधी महिनोन् महिने रखडतात, आणि तेवढ्यात घरमालक भाडं सोडत नाही. कागदांवर राग काढायचाच असेल तर या कागदांवर काढा, मी तुमच्याबरोबर आहे.

दत्तकाच्या कागदांची गोष्ट मात्र वेगळी. मेसेज म्हणतो, मुलं ढीगभर आहेत आणि जोडपी कागदांमुळे अडलीत. प्रत्यक्षात रांग उलटी आहे. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, नाव नोंदवून थांबलेली कुटुंबं तीस हजारांहून जास्त आहेत आणि दत्तकासाठी कायद्याने मोकळी झालेली मुलं त्या मानाने अगदी थोडी. त्यातल्या बऱ्याच जणांना आजार किंवा अपंगत्व आहे, किंवा ती मोठी झालीत. बहुतेकांना हवं असतं ते निरोगी तान्हं बाळ, म्हणून प्रतीक्षा साडेतीन वर्षांच्या घरात जाते. २०२४-२५ मध्ये ४,५१५ मुलं दत्तक गेली, बारा वर्षांतला सर्वांत मोठा आकडा. वाढायला हवा, हे मलाही वाटतं.

पण तो वाढेल कसा? मूल बालकल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीसमोर, आलं तरच. समिती आईवडिलांचा शोध घेते, जाहिरात देते. आईने स्वतः मूल सोपवलं असेल तर तिला फेरविचाराला ६० दिवस मिळतात. काही आया त्या दिवसांत परत येतात, लेकरू उराशी धरून नेतात. आईवडिलांचा शोध लागलाच नाही, तर मूल समितीपुढे आल्यापासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिन्यांत आणि मोठ्याला चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळं जाहीर करायचं असतं. उशीर होतो, खोटं कशाला बोलू. पण ज्या आश्रमाने मुलाला समितीपुढे नेलंच नाही, त्या मुलाचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. कागद सोडले तर दत्तक जाणारी मुलं वाढणार नाहीत, अजून कमी होतील.

‘मूल पसंत करा’ हे तीन शब्द मला सर्वांत जास्त लागले. बाळाला भाजीसारखं निवडायची सोय कायद्याने मुद्दाम ठेवलेली नाही. नोंदणीच्या क्रमाने एका वेळी एका मुलाची माहिती कुटुंबाला पाठवतात, ४८ तासांत होकार कळवायचा असतो. आधी घरी सामाजिक कार्यकर्ती येऊन चौकशी करते, मूल घरी आल्यावरही दोन वर्षं भेटी चालू राहतात. परस्पर मूल घेतलं किंवा दिलं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात पैशांचा व्यवहार असेल तर कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. ज्या मायेपोटी तुम्ही मूल आणाल तिची खात्री तुम्हाला आहे. पण आश्रमाच्या दारात उभा असलेला पुढचा माणूस कोण आहे, हे कुणी बघायचं?

दार सताड उघडं ठेवलं की काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यात दिसलंय. ऑगस्ट २०२२ मध्ये नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या एका नोंदणी नसलेल्या आश्रयगृहातून चाळीसहून जास्त मुलं सोडवावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये कल्याणपलीकडे खडवलीला तशाच बेकायदा आश्रमातून २९ मुलं बाहेर काढली. दोन्ही ठिकाणी देणगी देणारे चांगले लोक येत होतेच ना? तांदळाची गोणी देताना कुणी नोंदणीचं प्रमाणपत्र पाहायला मागितलं असेल का, हा विचार मला झोपू देत नाही. मदत करायला जाल तेव्हा एवढं एक करा : बाल न्याय कायद्याखालची नोंदणी दाखवा म्हणा. चांगल्या संस्थेला राग येत नाही, ती भिंतीवरच लावून ठेवते.

आता १०९८. ही सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली, संकटातल्या मुलांसाठी. २०२३ पासून ती सरकार चालवतं. लग्नाचा उरलेला पुलाव न्यायला तिथून कधीच कुणी येत नव्हतं आणि आजही येत नाही. तरी हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. पुलावासाठी तुम्ही केलेल्या प्रत्येक फोनमागे ठाणे स्टेशनवर हरवलेलं एक मूल थांबलेलं असू शकतं. कुठेही एकटं, भांबावलेलं मूल दिसलं तर हाच नंबर लावा. कायद्याने २४ तासांच्या आत कळवणं आपलं कर्तव्यच आहे.

आणि वाढदिवस. इथे मी जरा कडक बोलणार आहे. आमच्या बालगृहात डिसेंबरमध्ये एका आठवड्यात सहा केक येतात. मुलं न्हाऊन, भांग पाडून रांगेत बसतात आणि कधी न पाहिलेल्या मुलासाठी ‘हॅपी बर्थडे’ म्हणतात. हजेरीपटावर निम्म्या मुलांची जन्मतारीख १ जून आहे, कारण खरी कुणालाच माहीत नाही. एकदा चौथीतल्या एका मुलीने टाळ्या वाजवता वाजवता मला विचारलं, ‘ताई, ह्याची तारीख कुणी लिहून ठेवली?’ मी काय सांगणार होते? मग फोटो काढतात आणि मुलांच्या चेहऱ्यांसकट स्टेटसवर लावतात. संस्थेतल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. यायचं असेल तर जरूर या. पण दर गुरुवारी या, दहावीचा बीजगणिताचा धडा घ्यायला, फोटो न काढता. तीन महिने आलात की मुलं तुमची वाट बघायला लागतील. तेवढं नियमित जमणार नसेल तर जूनमध्ये वह्या, दप्तरं आणि क्लासची फी द्या. डिसेंबरमध्ये सगळ्यांना आठवण येते, जूनमध्ये अधीक्षक फोन करून दमतात.

‘एकही मूल रस्त्यावर राहणार नाही.’ ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली बघा. सिग्नलवर गजरे, खेळणी विकणारी मुलं अनाथ नव्हती. त्यांचे आईबाप तिथेच फुटपाथवर होते, त्यांतले अनेक पारधी, मराठवाड्यातून दुष्काळाने बाहेर पडलेले. २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था आणि ठाणे महापालिकेने पुलाखाली कंटेनरमध्ये सिग्नल शाळा सुरू केली. मुलांना कुठे उचलून नेलं नाही, शाळाच त्यांच्याकडे आली. तिथली मुलं पुढे दहावी झाली. पहिल्यांदा तो कंटेनर पाहिला तेव्हा मी दुचाकी बाजूला घेऊन बराच वेळ नुसती उभी होते.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही : अठरावा वाढदिवस. त्या दिवशी बालगृहात राहायचा अधिकार संपतो. खरोखर कुणीच नसलेली मुलं असतात, थोडी असली तरी असतात, आणि त्यांच्यापुढे प्रश्न केकचा नसून डिपॉझिटचा असतो. अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीच्या वसतिगृहात, २१ वर्षांपर्यंत राहता येतं, पण जागा कमी. अनाथांसाठी राज्याने २०१८ मध्ये शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण दिलं, तेही अनाथ प्रमाणपत्र हातात असेल तरच. माझ्या एका विद्यार्थ्याला रबाळ्यात नोकरी लागली, खोलीही सापडली, आणि मालकाने विचारलं, ‘गावचा पत्ता?’ त्याच्याकडे तो नव्हता. शेवटी आमच्यातल्या एकाने करारावर स्वतःचा पत्ता लिहिला आणि हमी घेतली. तुमच्यापैकी किती जण अशी सही करतील?

भाच्याने हे सगळं ऐकून विचारलं, ‘मग मी आत्ता नेमकं काय करू?’ मी त्याला म्हटलं, तुझ्याकडे पोळ्या करायला येतात त्या ताईंना विचार, घरी कोण कोण आहे. त्याने विचारलं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, मुलगा सहावीत आहे, दिवाळीनंतर त्याला बोर्डिंगात टाकणार आहेत. येत्या शनिवारी आम्ही तिघं मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव तपासायला बसतोय.