99 वर्षांच्या भाडेपट्ट्याची गोष्ट

“आई, भा-डे-प-ट्टा म्हणजे काय गं?” 15 ऑगस्टची सकाळ, लंडन. झेंडावंदनाला निघायची गडबड आणि माझा दहा वर्षांचा लेक माझ्या फोनवर अक्षरं जुळवत बसलेला. मडगावच्या मावशीनं ग्रुपवर मेसेज टाकला होता: भारत स्वतंत्र झालेलाच नाही, इंग्रजांनी 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलाय, 2046 ला परत घेणार. पुरावे म्हणून कॉमनवेल्थ (बहुतेक जुन्या ब्रिटिश वसाहतींची संघटना), तिथल्या देशांत राजदूताऐवजी असणारा उच्चायुक्त आणि ब्रिटनच्या राणीला भारतात यायला न लागणारा व्हिसा.

संध्याकाळी दोघांनी मिळून 1947 चा भारतीय स्वातंत्र्य कायदाच उघडला. जेमतेम 20 कलमं. भाडं, मुदत, 99, काही म्हणता काही नाही. उलट सहावं कलम म्हणतं की नव्या देशाच्या कायदेमंडळाला ब्रिटिश संसदेचा कुठलाही कायदा, अगदी हा कायदासुद्धा, आपल्यापुरता रद्द करता येईल. आपण तो केलाही, राज्यघटनेच्या कलम 395 नं. भाडेकरू असा करार फाडतो का कधी? 99 चा आकडा बहुधा हाँगकाँगवरून आला असावा. तिथला काही भाग 1898 साली खरोखरच 99 वर्षांसाठी घेतला होता, तोही चीनकडून ब्रिटननं.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांना द्यायला हवी. 26 जानेवारी 1950 पर्यंत कागदोपत्री आपला राजा सहावा जॉर्जच होता. लेकाला हे अजिबात पटलं नाही. “मग झेंडा कशाला लावला?” कायदे आपले, सरकार आपलं, राजा नावापुरता, हे समजावण्यात वरणभात गार झाला.

बाकीचं किरकोळ. कॉमनवेल्थमधून आयर्लंड 1949 मध्ये बाहेर पडला, कुणी अडवलं नाही. मोझांबिक आणि रवांडा तर कधी ब्रिटिशांचे नव्हतेच, तरी ते त्यात आहेत. उच्चायुक्त म्हणाल तर ब्रिटनचाही दिल्लीत उच्चायुक्तच असतो. व्हिसाचं म्हणाल तर ब्रिटिश पासपोर्ट राजाच्या नावानं निघतो, म्हणून त्याला स्वतःला पासपोर्ट नसतो. तो फ्रान्सला गेला तरी नसतोच. राणी 2022 मध्ये वारली, मेसेज अजून फिरतोय.

हे सगळं मावशीला लिहिलं. लेकानं खाली आपला एक प्रश्न जोडला, कारण नकाशात त्याला गोवा वेगळ्या रंगाचा दिसला होता: “आजी, 15 ऑगस्ट 1947 ला तुमच्याकडे कुणाचा झेंडा होता?”

मावशीचा तासाभरानं फोन आला. “पोर्तुगीजांचा रे. आमचं 19 डिसेंबर 1961. थांब, सांगते.”