युनोची माहिती कार्यालयं पांढरा हत्ती नाहीत

गेले काही दिवस एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. युनोची माहिती कार्यालयं नुसती पत्रकं छापतात आणि ‘दिन’ साजरे करतात, गावापर्यंत काहीच पोचत नाही, सगळा कारभार इंग्रजीत, खर्च आपल्या खिशातून, आणि आता इंटरनेट आहे तर ती बंदच करा, असं त्यात म्हटलंय. माझ्या ओळखीच्या चांगल्या जाणत्या माणसांनी तो पुढे पाठवला, म्हणून लिहितोय.

‘पत्रकं छापतात.’ छापतात, आणि ते त्यांचं नेमून दिलेलं कामच आहे. १९४६ साली आमसभेने पहिल्याच अधिवेशनात माहिती विभाग स्थापन केला, तेव्हाच न्यूयॉर्कबाहेर शाखा असाव्यात असं ठरवलं. दिल्लीत लोदी इस्टेटमध्ये असलेलं केंद्र भारत आणि भूतान या दोन देशांसाठी आहे. युनिसेफ (युनोची मुलांसाठीची संस्था) किंवा जागतिक आरोग्य संघटना यांची माहिती-प्रसाराची माणसं वेगळी. मजकुरात या सगळ्यांची एकच मोट बांधली आहे आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

‘गावापर्यंत काही पोचत नाही.’ हे वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. गावातलं काम दिल्लीच्या केंद्राचं नाही, युनिसेफसारख्यांच्या माणसांचं; पण मजकुराने त्यांनाही त्याच मोटेत घातलंय, म्हणून त्यांचंच उदाहरण देतो. पोलिओ आठवा. २००९ साली भारतात ७४१ रुग्ण सापडले, जगातले जवळजवळ निम्मे. पश्चिम उत्तर प्रदेशात डोस घेतल्याने मूल पुढे वांझ होतं ही अफवा घट्ट बसली होती. लस होती, बर्फाच्या पेट्या होत्या, पण दार उघडत नव्हतं. तिथे युनिसेफने उभं केलेलं ‘सोशल मोबिलायझेशन नेटवर्क’ कामी आलं. त्यात त्याच मोहल्ल्यातल्या बायका होत्या. लसीकरणाचं पथक घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की दारावर खडूने ‘पी’ लिहायचं, कोणी राहिलं की फुली मारायचं. या बायका फुलीच्या घरी पुन्हा पुन्हा जायच्या. सुनेशी बोलून भागत नसे, सासूला पटवावं लागे. मशिदीतून पुकारा व्हायचा, इमाम स्वतः समजावायचे. पोरांच्या ‘बुलावा टोळ्या’ गल्लीत आरोळ्या देत लहानग्यांना बूथवर आणायच्या आणि तिथे डाव्या करंगळीला शाई लागायची. २०१० मध्ये रुग्ण ४२ वर आले. शेवटची रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडली आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग, ज्यात भारत येतो, पोलिओमुक्त जाहीर झाला. श्रेय एकट्या युनिसेफचं नाही. सरकार, आरोग्य संघटना, रोटरी आणि लाखो लसीकरण कर्मचारी यांचंही आहे. पण फुलीचा ‘पी’ करणं हे शंभर टक्के माहिती पोचवण्याचं काम होतं, आणि ते थेट उंबरठ्यावर झालं.

‘सगळा कारभार इंग्रजीत.’ अर्धं खरं. युनोच्या अधिकृत भाषा सहाच आणि त्यांत भारतीय एकही नाही. तरी भारत सरकारच्या पैशातून २०१८ पासून हिंदीचा प्रकल्प चालू आहे, युनोच्या बातम्या रोज हिंदीत येतात. मानवी हक्कांचा जाहीरनामा मराठीतही उपलब्ध आहे. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ ऐवजी ‘सर्व मानव’ अशा अर्थाचा शब्द यावा म्हणून भांडल्या त्या भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता मुंबई विधान परिषदेत बसलेल्या. पण जाहीरनाम्याच्या पलीकडे मराठीत रोजचं असं काही मिळत नाही. ही तक्रार रास्त आहे आणि ती मोठ्याने करायला हवी.

खर्चाचं थोडक्यात. युनोच्या नियमित अंदाजपत्रकात भारताचा वाटा साधारण १ टक्का, आणि युनिसेफ तर पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालते.

राहिलं ‘बंद करा’. हा प्रयोग झालेला आहे. २००३ अखेर पश्चिम युरोपातली नऊ केंद्रं बंद करून ब्रुसेल्सला एकच प्रादेशिक कार्यालय केलं. तिथे इंटरनेट बऱ्यापैकी पसरलं होतं, म्हणून ते शक्य तरी वाटलं. आपल्याकडे दिल्लीचं दारही लावून घेतलं, तर मराठीत बोला हे सांगायला जायचं कुणाकडे?