मुंबई–लंडन तिकिटाबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार काका,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत की जाताना सव्वापाच तास लागले आणि येताना तेरा तास वीस मिनिटं, म्हणजे थेट विमान सांगून आम्ही परतीला फिरून येणारं विमान गळ्यात मारलं. शिवाय नेटवर अंतर 7,200 किलोमीटर दिसतं, म्हणजे आठ तासांत पोचायला हवं, आणि फरकाचे पैसे परत द्या, असंही म्हटलंय. इथे बाकीचेही वाचतात, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन्ही विमानं मध्ये कुठेही न थांबणारीच होती. तिकिटावर निघण्याची वेळ जिथून निघतो त्या गावची छापतात आणि पोचण्याची जिथे पोचतो त्या गावची. मुंबईहून दुपारी 1:30 ला निघालात, लंडनला 6:45 ला उतरलात. त्या वेळी मुंबईत रात्रीचे सव्वाअकरा झाले होते, कारण उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. प्रवास झाला पावणेदहा तास. येताना रात्री 8:30 ते सकाळी 9:50 यातून तेच साडेचार तास वजा करा, 8 तास 50 मिनिटं उरतात. आम्ही दिलेल्या कागदावर ‘प्रत्यक्ष उड्डाण’ या रकान्यात हेच दोन आकडे आहेत.

जाताना पाऊण-एक तास जास्त लागला तो वाऱ्यामुळे. विमानं ज्या उंचीवर उडतात तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो.

आता आठ तासांचं. 7,200 किलोमीटर हे सरळ रेषेतलं अंतर आहे, आणि ती रेषा कराची, इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन अशी जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि तुमचं विमान भारतीय कंपनीचं होतं. वळसा घ्यावाच लागतो. शिवाय वेळ मोजतात ती विमान गेटवरून मागे ढकलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंत. मुंबईत धावपट्टीसाठी रांग असते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला दोनच धावपट्ट्या, तिथे उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालायला लावणं रोजचंच. हा सगळा वेळ त्यात धरलेला असतो.

त्यामुळे पैसे परत करण्याचा प्रश्न येत नाही. जे सांगितलं तेच तिकीट दिलंय.

पण काकूंबद्दल जे लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. तेरा तास बसायचंय या धास्तीने त्यांनी पाणीसुद्धा बेताने प्यायलं, असं व्हायला नको होतं. साखरेच्या गोळ्यांच्या वेळा घड्याळावर न ठेवता दोन गोळ्यांमधल्या तासांवर ठेवायच्या का, हे पुढच्या वेळी निघण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.

तुमची लेक डिसेंबरमध्ये येतेय ना? ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा फरक साडेपाच तासांचा होईल. तिचं तिकीट कुठूनही काढा, पण कागद घेऊन ऑफिसात या. प्रत्येक वेळेशेजारी भारतीय वेळ लिहून देते, म्हणजे विमानतळावर न्यायला कधी निघायचं ते नीट कळेल.