टेनर सॅक्सोफोन आणि पियानो: एक राहिलेलं नाव
सॅक्सोफोनवरचा लेख आवडला पण सॅक्सोफोनचं खरं संगीत जॅझपासून सुरू झालं हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. बेल्जियमचा संगीतकार सँझले याचा टेनर सॅक्सोफोन आणि पियानोसाठीचा 'सोलो द कॉन्सेर' (मैफिलीत वाजवायची एकल रचना) क्रमांक ४, ओपस म्हणजे रचना क्रमांक ८४, ऐकाच एकदा!! सॅक्सोफोन शोधणाऱ्या अॅडॉल्फ सॅक्सने १८४६ ला त्याचं पेटंट घेतलं, १८५७ पासून पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत (तिथल्या संगीत विद्यालयात) तो शिकवायला लागला, पण वाजवायला रचना कुठे होत्या, मग त्याचा मित्र सँझले धावून आला, स्वतः व्हायोलिनवाला असून परीक्षेसाठी एकेक तुकडे लिहून दिले त्याने. या क्रमांक ४ मध्ये सुरांची वळणं थेट ऑपेरातल्या गायकासारखी, मधेच काय वेगवान ताना, दम लागतो अक्षरशः. १८७० ला सॅक्सचा तो सॅक्सोफोनचा वर्ग बंद पडला आणि थेट १९४२ ला परत सुरू झाला, फार वाईट वाटतं. पियानोवालाही तगडा हवा हां