दा विंची कोड बघून मला बायबल शिकवू नका

परत तेच. काल डबा खाताना ऑफिसातल्या एकाने फोन माझ्या तोंडासमोर धरला, लिओनार्दोचं शेवटच्या भोजनाचं चित्र, झूम करून येशूच्या शेजारचा चेहरा एवढा मोठा केलेला की रंगाचे उडालेले पोपडे तेवढे दिसत होते, आणि म्हणतो, अगं ही बाई आहे ना, येशूची बायको, तुम्हाला चर्चमधे सांगत नाहीत का? टेबलावरचे सगळे खायचे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. रात्री दा विंची कोड हा सिनेमा बघितला होता त्याने, येशूचं त्याच्या शिष्या मग्दालीया मरीयेशी लग्न झालं होतं आणि त्यांचा वंश चर्चने लपवला असं सांगणारा. बास, एका रात्रीत सगळं कळलं.

वीस वर्षं होत आली, २००६ साली हा सिनेमा आला तेव्हा मी कॉलेजात होते आणि तेव्हासुद्धा कॅन्टीनमधे हेच प्रश्न, याच सुरात. मी वसईची, कॅथलिक, मराठीतच प्रार्थना करत मोठी झालेली. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर हेच चित्र फ्रेम करून लावलंय, लहानपणापासून त्याच्याखाली बसून जेवलेय मी, बारा जणांची नावं आजीने बोट दाखवून शिकवलीत. येशूच्या शेजारचा तो योहान आहे. सगळ्यांत लहान शिष्य, म्हणून बिनदाढीचा, कोवळ्या चेहऱ्याचा, आणि हे लिओनार्दोने गुपचूप केलेलं काही नाही, त्याच्या आधी गिर्लांदायोने फ्लॉरेन्समधे हाच प्रसंग रंगवला त्यातही योहान असाच बिनदाढीचा आहे, तेव्हाची रीतच होती ती. आणि चित्र काढलंय कधी, तर १४९५ ते १४९८ च्या सुमारास, मिलानमधल्या एका मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर. येशूनंतर साडेचौदाशे वर्षांनी. त्या चित्रकाराला येशूचं लग्न झालेलं माहीत होतं आणि आमच्या शुभवर्तमानांना, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांना, नव्हतं, असं कसं मानता तुम्ही?

पण माझा राग चित्रावरून नाहीये, राग आहे तो सिनेमातल्या खोटं सांगायच्या पद्धतीवर. एक म्हातारा संशोधक आपल्या भल्यामोठ्या वाड्यात बसून सिनेमातल्या नायिकेला सगळं समजावतो, पडद्यावर चित्र, आवाज शांत, आणि ३२५ साली निकिया गावी भरलेल्या धर्मसभेत बिशपांनी मतं टाकून येशूला देव ठरवलं असं बिनधास्त सांगून मोकळा होतो. अहो, निकियाला भांडण होतं ते एरियस नावाच्या धर्मगुरूच्या शिकवणीवर, की पुत्र हा पित्यासारखाच अनादि आहे की पित्याने निर्माण केलेला आहे. येशूची भक्ती दोन्ही बाजू करत होत्या! येशूला प्रभू म्हणणारी, बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं या सभेच्या अडीचशे वर्षं आधीची आहेत. आणि जमलेल्या शेकडो बिशपांमधे सभेच्या निर्णयावर शेवटपर्यंत सही न करणारे दोघंच निघाले. मिस्सेत दर रविवारी उभं राहून आम्ही क्रीड, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, म्हणतो त्याचा पाया तिथे घातला गेलाय, आणि यांनी त्याची ग्रामपंचायतीची निवडणूक करून टाकली.

पुरावा म्हणून बायबलबाहेरचं फिलीपचं शुभवर्तमान काढतात, तेही तसंच. १९४५ साली इजिप्तमधे नाग हम्मादीला सापडलेली कॉप्टिक भाषेतली पोथी, मूळ लिखाण येशूनंतर दोनेकशे वर्षांनी झालेलं. त्यात मग्दालीया मरीयेला सोबतीण म्हटलंय, तर यांचं म्हणणं की सोबतीण म्हणजे त्या काळी बायकोच. कोणत्या भाषेत? आणि येशू तिचं चुंबन घ्यायचा असं वाक्य आहे तिथे कुठे घ्यायचा ते लिहिलेल्या जागी पानाला भोक पडलंय, खरंच भोक, अक्षरंच नाहीत. अशा पोथीवर सगळा इमला. ज्या गुप्त मंडळाने म्हणे क्रूसयुद्धांपासून हे रहस्य जपलं ते प्यायरी ऑफ सायन १९५६ साली प्येर प्लांतार नावाच्या फ्रेंच माणसाने काढलं आणि त्याच्या माणसांनी खोटी कागदपत्रं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवली. हे सिनेमा यायच्या कितीतरी आधीच उघड झालं होतं. सिनेमातली खलनायक संघटना ओपस देई ही खरी कॅथलिक संस्था आहे, तिच्यात मठवासी नसतातच, बहुतेक जण नोकरीधंदा करणारी संसारी माणसं आहेत, तरी यांना मांडीला काटेरी पट्टा बांधून खून करत फिरणारा मंक पाहिजे.

आणि मग्दालीया. इथे मला बोलवत नाही इतका राग येतो. चर्चने तिला वेश्या ठरवलं असं सिनेमा म्हणतो, आणि यात तथ्य आहे, ५९१ साली पोप ग्रेगरीने प्रवचनात तिची आणि शुभवर्तमानातल्या एका निनावी पापी बाईची गल्लत केली आणि ती शतकानुशतकं चालली, १९६९ साली कुठे चर्चचं सणांचं पंचांग सुधारून ती काढली. ही चर्चची चूक, मी झाकणार नाही. पण मग तुम्ही तिला काय दिलंत? बायको केलंत आणि गरोदर केलंत. तिचं मोठेपण काय तर कोणाची तरी पत्नी, कोणाच्या तरी वंशाची आई, आणि वर हे म्हणे स्त्रीचा सन्मान! आमच्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात ती अंधार असताना एकटी येशूच्या कबरेशी जाते, पुरुष येऊन बघून घरी परततात, ती रडत उभी राहते, समोर उभ्या येशूला माळी समजते, आणि तो फक्त म्हणतो, 'मरीये'. ईस्टरनंतरच्या मंगळवारी हे वाचन असतं. माझी आजी, लुगडं नेसलेली, अक्षरओळख नाही, गुडघे सुजलेले तरी रोज मिस्सेला जाणारी, ते वाचन सुरू झालं की बाकाची कड घट्ट धरायची आणि 'मरीये' आलं की पदर डोळ्याला लावायची. मरणातून उठलेल्या प्रभूला पहिलं बघितलं ते त्या बाईने, इतरांना जाऊन सांग असं पहिलं सांगितलं ते तिला. २०१६ साली पोप फ्रान्सिसने तिचा २२ जुलैचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला आणला. याच्यापेक्षा मोठं काय दिलंय त्या सिनेमाने तिला?

बंदीचं म्हणाल तर ती मला तेव्हाही पटली नव्हती. गोव्यासकट काही राज्यांनी घातली, सेन्सॉरने हे काल्पनिक आहे अशी पाटी लावायला लावली, त्याने झालं काय तर लोक म्हणायला लागले, बघा, लपवतायत. दाखवा ना सिनेमा. पण अडीच तासांत एक तरी श्रद्धाळू माणूस धड दाखवा. जो कोणी गुडघे टेकतो तो खुनी नाहीतर कटवाला. आणि शेवटी नायक असलेला प्रोफेसर त्या नायिकेला म्हणतो की तू काय मानतेस ते महत्त्वाचं. आत्ता? माझं सगळं मानणं बनावट ठरवून झाल्यावर?

प्रश्न विचारू नका असं मी कोणालाच म्हणत नाही, घरी आम्हीही वाद घालतो, आमच्या फादरांशीसुद्धा घालतो. पण चार लोकांत माझ्या डब्यासमोर फोन धरायच्या आधी योहानाचा तो विसावा अध्याय वाचा. दोन पानं आहेत, मराठीत आहे, दहा मिनिटांत होतो.