पुराचा पुरावा

आमच्याकडे गोदावरीला गोदावरी फक्त पाहुण्यांसमोर म्हणतात. एरवी ती गंगा. "गंगेवर जाऊन येतो", "गंगेला पाणी आलंय", असंच बोलायचं. आणि पाणी किती आलं हे आम्ही मारुतीत मोजतो. रामकुंडाच्या जवळ नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे, ते आमचं अधिकृत माप. गुडघ्याला पाणी लागलं तर चहा पिऊन बघायला जायचं, कमरेला लागलं तर चहा टाकून जायचं, आणि डोकं बुडालं की पुढची वीस वर्षं त्याबद्दल सांगत बसायचं.

हे सांगत बसण्याचं काम आमचे मेहुणे, नाना, गेली पंचावन्न वर्षं बिनबोभाट करतात. सासुरवाडी पंचवटीत, त्यामुळे पूर हा विषय त्यांच्याकडे माहेरून आलेल्या दागिन्यासारखा आहे. गेल्या श्रावणात जेवायला गेलो होतो. पुरणपोळीवर तूप पडायच्या आत नानांनी 1969 चा पूर वाढला.

"दाजी, पूर म्हणजे 1969 चा. 2008 चा, 2016 चा, 2019 चा, हे सगळे अंगण धुवायला आले होते."

मी गप्प बसलो असतो तर हा लेख झाला नसता. पण तोंडून गेलं, "आमचे आजोबा त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं सांगायचे. इंग्रजांच्या काळात याहून मोठा आला होता म्हणे."

"पुरावा?"

पैज लागली. हरणाऱ्याने दोन्ही घरांना मिसळ घालायची, जादा पाव आणि ताकासकट. दोन्ही घरं मिळून चौदा माणसं, त्यात नानांचे दोन नातू व्यायामशाळेत जाणारे.

घरी आल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्याकडे वाचनालयाचं कार्ड आहे ना? आता तिथून ऑनलाइन रिसर्च डेटाबेस बघता येतात. बसल्या जागी पुरावा!"

नाशकाला वाचनालयाचं कौतुक नवं नाही. इथलं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं आहे. देशात पहिली आगगाडी धावली त्याच्या तेरा वर्षं आधीचं. मी ज्याचा आजीव सभासद आहे ते वाचनालय मात्र निराळं आणि लहान. त्याचं नाव सांगत नाही, कारण दिवाळी अंकांचा दंड बाकी आहे.

तिथे 'ऑनलाइन संदर्भ कक्ष' अशी पाटी होती आणि पाटीखाली दोन संगणक. त्यातल्या एकावर मासिकांचे गठ्ठे होते. काउंटरवरच्या मुलीने ऑनलाइन सेवेसाठी कागदी अर्ज दिला. दोन फोटो, आधारची झेरॉक्स. "काका, मग घरूनही बघता येईल," ती म्हणाली. घरून बघायला सभासद क्रमांक टाकायचा होता. माझ्या कार्डावर वळणदार अक्षरात 'आ. स. 1147' लिहिलंय. चौकोनाला 'आ' चालेना. 'स' चालेना. टिंबं तर अजिबातच नाही. नुसतं 1147 टाकलं तर 'असा सभासद अस्तित्वात नाही' असं उत्तर आलं. माणूस निवृत्त झाल्यावर हे वाक्य नको त्या जागी लागतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचनालयात गेलो, तेव्हा कळलं की क्रमांक सहा आकडी हवा, म्हणजे पुढे दोन शून्यं लावायची. चौतीस वर्षांच्या नोकरीत आकड्याच्या मागे शून्यं लागावीत म्हणून झुरलो, ती लागली पुढून.

त्या मुलीने एक छापील कागदही दिला होता. त्यावर नावं होती. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, हे खरगपूरच्या आयआयटीने उभं केलेलं, 2018 साली सगळ्यांसाठी खुलं झालं. शोधगंगा, ही गांधीनगरहून चालते, देशभरातले पीएचडीचे प्रबंध तिच्यात असतात. जेस्टोर, हे अमेरिकेचं, जुन्या संशोधनपत्रिकांचं कोठार, 1995 पासूनचं. तिथे नुसतं नाव नोंदवलं की तीस दिवसांत शंभर लेख ऑनलाइन फुकट वाचता येतात. फुकट आणि शंभर हे दोन शब्द शेजारी दिसल्यावर मी पूर विसरलो. पण ते पुढे.

मधे एक आशा लागून गेली. पेपरात 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेबद्दल वाचलं होतं. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळजवळ 13,000 संशोधनपत्रिका, 2025 पासून. एक नेशन म्हणजे त्यात आपण आलोच. विचारलं तर मुलगी म्हणाली, "काका, ते सरकारी कॉलेजं आणि संशोधन संस्थांसाठी आहे." म्हणजे गावजेवण होतं, फक्त आमच्या आळीला अक्षत नव्हती.

म्हटलं शोधगंगेपासून सुरुवात करू, नावात गंगा आहे. एक जाडजूड मराठी प्रबंध मिळाला, महाराष्ट्रातल्या नैसर्गिक आपत्तींवरचा. चारशे पानं कोण वाचतो? पुतण्याने शब्द शोधायची खिडकी उघडून दिली. मी 'पूर' टाकलं आणि एंटर मारलं. दोनशे बारा ठिकाणी सापडला! मला भरून आलं. पहिला बघितला: कोल्हापूर. दुसरा: सोलापूर. तिसरा: पंढरपूर. मग नागपूर, चंद्रपूर, तुळजापूर, श्रीरामपूर. एके ठिकाणी 'भरपूर'. सत्तेचाळिसाव्याला खरा पूर लागला, तोही पानशेतचा, पुण्याचा. ज्या राज्याने निम्म्या गावांच्या शेपटीला पूर बांधून ठेवलाय, तिथे पुराचा शोध घेणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. दुसरा प्रबंध जुन्या फाँटातला निघाला. पडद्यावर मराठी स्वच्छ दिसायची, पण शोधायला गेलं की आतून भलतीच कुठलीतरी अक्षरं बाहेर यायची. लग्नात ओळख करून दिलेल्या दूरच्या नातेवाइकासारखं, चेहरा घरचा आणि नाव आठवत नाही.

मग इंग्रजीकडे वळलो. सवयीने टाकलं, 'गंगा फ्लड'. बिहार आला. अर्थात. जगाच्या लेखी आमची गंगा ही गंगा नाही, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. 'गोदावरी फ्लड' टाकलं तर आंध्रातली राजमहेंद्री, धवळेश्वरचा बंधारा आणि तो बांधणारे इंग्रज इंजिनिअर सर आर्थर कॉटन. नदी जन्माला येते आमच्या त्र्यंबकला, पण तिच्यावरचं संशोधन पिकतं 1,465 किलोमीटर खाली, मुखापाशी. मुलगी आमची, कौतुक सासरी.

शेवटी नुसतं 'नाशिक' टाकलं. कांदा. पानामागून पान कांदा. कांद्याची साठवण, कांद्याचे भाव, कांद्यावरचे फुलकिडे, लासलगाव, एन-53. एन-53 ही कांद्याची जात आहे हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं कांदा चिरणाऱ्या घरात राहून कळलं नव्हतं. कांदा संपला की द्राक्षं. जगातल्या विद्वानांच्या मते नाशकात माणसं राहत नसावीत.

पुन्हा वाचनालयात. मुलगी म्हणाली, "काका, बुलियन सर्च करा."

बुलियन म्हणजे आमच्याकडे सराफ बाजार. पुराचं पाणी पहिल्यांदा शिरतं ते तिथे, तेव्हा मला सल्ला अगदी सयुक्तिक वाटला. "सोन्याच्या दरावरून पुराचा अंदाज लागतो का?" मी विचारलं. तिने माझ्याकडे जसं पाहिलं तसं आमच्या साहेबांनीही कधी पाहिलं नव्हतं. हा बुलियन निराळा, जॉर्ज बूल नावाच्या गणितज्ञाचा. दोन शब्दांमध्ये अँड, ऑर, नॉट टाकायचं, तेही कॅपिटलमध्ये. दोन शब्द जोडीनेच हवे असतील तर अवतरणात बांधायचे. मी तिथल्या तिथे लिहिलं, 'नाशिक नॉट कांदा'. लासलगावात हे कोणी वाचलं असतं तर रास्ता रोको झाला असता.

(या बूलची गंमत सांगायलाच हवी, त्याच्यावर माझे दोन लेख खर्च झालेत. 1864 साली हा भर पावसात चालत कॉलेजात गेला, ओल्या कपड्यांनी शिकवलं आणि आजारी पडला. ज्याने आजार झाला त्यानेच तो जातो, असा त्याच्या बायकोचा विश्वास होता. म्हणून तिने त्याला ओल्या चादरींत गुंडाळलं म्हणतात. तो गेला. ही बायको म्हणजे ज्याच्या नावाचं शिखर आहे त्या एव्हरेस्टसाहेबाची पुतणी. हे मी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "त्याने तिला विचारून छत्री नेली असती तर?" अँड, ऑर, नॉटच्या पलीकडचं हे गणित आहे.)

कांदा वगळला तरी पूर मिळेना. रात्रीचा एक वाजला होता, भूक लागली होती, पैज डोक्यात होती. बोटांनी आपोआप 'मिसळ' टाइप केलं, इंग्रजीत. यंत्राने नम्रपणे विचारलं, तुम्हाला अमुक म्हणायचं आहे का? म्हटलं हो. आणि रोमन कॅथलिक चर्चच्या प्रार्थनेच्या पोथ्यांवरचे लेख धडाधड समोर आले. या पोथीलाही 'मिसल'च म्हणतात, फक्त एक 'एस' जादा. मध्ययुगीन, सोनेरी वेलबुट्टीची. तर्रीचा थेंब कुठे नाही. मी चार लेख वाचले. भुकेल्या पोटी माणूस काहीही वाचतो.

पण त्या जादा 'एस'ने डोक्यात दिवा पेटवला. दोष माझ्या 'नाशिक'च्या स्पेलिंगचा होता! आपण 'एस'नंतर 'एच' लिहितो, ते अलीकडचं. आमच्या लहानपणी पाट्यांवर 'एच' नव्हता. आणि साहेब तर त्याहून जुना, त्याच्या कानाला काय ऐकू आलं असेल? मी कागद घेतला आणि बाराखडी मांडली. 'एच' घालून, 'एच' काढून, दोन 'एस', शेवटी 'सीके'. दोन 'एस' आणि 'सीके'वर कडी वाजली.

पूर नाही आला. लिव्हिंगस्टन आला.

हा डेव्हिड लिव्हिंगस्टन, आफ्रिका पालथी घालणारा स्कॉटिश मिशनरी, 1873 च्या मे महिन्यात आजच्या झांबियात वारला. त्याच्या बरोबरच्या माणसांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, देह उन्हात वाळवला आणि हजार मैलांहून जास्त पायपीट करून किनाऱ्यावर पोचवला. काळीज पुरताना प्रार्थना म्हटली जेकब वेनराइट नावाच्या तरुणाने. झाडावर अक्षरं कोरली त्यानेच. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला ज्यांनी हात लावला त्यांतही तो होता. आणि हा जेकब शिकला कुठे? आमच्या शरणपूरला! गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना मिशनवाल्यांनी इथे ठेवून शिकवलं होतं. आफ्रिकेच्या इतिहासात त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात, दोन 'एस' आणि 'सीके'.

मी शरणपूर रोडला एकतीस वर्षं राहतो. त्या भागाबद्दलची माझी ऐतिहासिक माहिती म्हणजे कुठल्या सिग्नलला पोलीस आडोशाला उभा असतो, एवढीच. मी खिडकीतून बाहेर बघितलं. रस्ता रिकामा होता, एक कुत्रं पाण्याच्या डबक्याला वळसा घालून गेलं. त्या मुलांनीही श्रावणात इथला चिखल तुडवला असेल. संध्याकाळी गंगेवर गेली असतील, आणि कोणीतरी त्यांनाही मागच्या पुराचं सांगितलं असेल.

ही उठून आली. "सापडला का पूर?"

"नाही. आफ्रिका सापडली."

"झोपा," ही म्हणाली.

पूर तिसऱ्या आठवड्यात सापडला, आणि तोही शंभरातला एक लेख खर्च न होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोळावा खंड, नाशिक, 1883. पानं स्कॅन केलेली, फुकट. त्यात 1872 चा गोदावरीचा पूर होता. आजोबांचे आजोबा खोटं बोलत नव्हते! मी पानांच्या रंगीत प्रती काढल्या, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातल्या आणि पंचवटी गाठली.

नानांनी चश्मा लावला, खिशातला दुसरा लावून बघितला, आणि शांतपणे विचारलं, "यात 1969 चं काय लिहिलंय?"

"नाना, पुस्तक 1883 चं आहे."

"मग याला काय कळणार, मोठा कुठला ते?" त्यांनी पान उलटलं. "आणि मारुतीच्या कुठपर्यंत पाणी होतं?"

"मारुतीचा उल्लेख नाही."

"बघा. मारुती नाही म्हणजे माप नाही. पूर आहे, पण पुरावा अपुरा आहे, दाजी."

मिसळ ज्याची त्याने खाल्ली. म्हणजे नानांच्या नातवांची मी भरली, कारण ते माझ्या टेबलावर बसले होते. दुसऱ्या पावाच्या वेळी मी जेकबची गोष्ट काढली. नाना ऐकता ऐकता पाव रश्श्यात विसरले. "शरणपूरचा? आपल्या?" असं तीनदा विचारलं. मग हळूच म्हणाले, "त्या तुमच्या यंत्रात गुडघेदुखीचं काही असतं का हो?"

घरी येऊन हिशोब केला. शंभरातले सत्त्याण्णव संपलेत. कांद्यावर एकोणतीस, राजमहेंद्रीवर अकरा, कॅथलिक पोथ्यांवर चार, बूलवर दोन, बाकी सगळे शरणपूरहून आफ्रिकेत गेले. उरले तीन. एक नानांच्या गुडघ्याला दिला. एक हिने मागून घेतलाय, कशासाठी ते सांगत नाही. तिसरा राखून ठेवलाय. नवे शंभर मिळायला अजून चार दिवस आहेत, आणि रात्री मला भूक लागते.